खपलीखालची मित्रफौज

चप्पल चावते, उसाचं पातं कापतं, कुकरची वाफ भाजते. जखम कुठलीही असो, आपला फंडा एकच, जंतू मारा! पण काही जंतूंनाच जखमेच्या पहाऱ्यावर बसवलं तर?

पुण्या-मुंबईत नोकरी आणि घर जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाडकडे, असं ज्यांचं आयुष्य आहे त्यांना हा फोन ओळखीचा असेल. जेवलास का, गाडी सावकाश चालव, दिवाळीला कधी येणार, असं सगळं बोलून होतं आणि फोन ठेवता ठेवता आई म्हणते, 'बाबांच्या पायाला जरा लागलंय. काही विशेष नाही. हळद लावलीय.'

किती दिवस झाले, असं विचारलं की उत्तर येतं, 'झाले असतील पंधरा-वीस दिवस.'

आता बाबांना आठ-दहा वर्षांची शुगर असेल तर इथेच तुमचे कान टवकारले जायला हवेत. कारण साध्या खरचटण्याला पंधरा-वीस दिवस लागत नाहीत. जखम भरत नसेल तर आत काहीतरी अडलेलं असतं. आणि नेमकं काय अडलंय, या प्रश्नाचा पाठलाग करताना जगभरातले संशोधक गेली काही वर्षं एका अजब उत्तरापाशी येऊन पोचलेत. ते उत्तर म्हणजे बॅक्टेरिया. जखम चिघळवणारे नव्हेत, ती भरायला मदत करणारे!

हो, प्रोबायोटिक. दह्याच्या डब्यावर, यकृतापासून केसांपर्यंत सगळ्यावर 'गुणकारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर आणि आता मॉलमधल्या सीरमच्या बाटलीवरही जो शब्द झळकतो, तोच. या शब्दात खरं किती आणि मार्केटिंग किती, हे बघायला हवं. कारण इथे प्रश्न ग्लोइंग स्किनचा नाही, कुणाच्या तरी पायाचा आहे.

साखर आणि शुगर

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेलं गाव. वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने. सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि नंबरच्या गल्ल्या. पत्ता सांगताना 'सहावी गल्ली', 'बारावी गल्ली' असं सांगितलं की माणूस थेट दारात पोचतो. आजूबाजूला नजर जाईल तिथपर्यंत ऊस. दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते आणि उसाला दर किती, हा प्रश्न अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राच्या पेपरांत पहिल्या पानावर जातो.

अशा गावात पायाला जखम होणं ही काही बातमी नव्हे. उसात शिरलं की पात्याची धार हातापायांवर रेघोट्या मारते. तोडणीच्या टोळ्यांच्या हातात कोयता असतो आणि कोयता कधी उसावर पडतो, कधी नडगीवर. पावसाळ्यात चिखल्या होतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर शिरोळ तालुका कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यात होता. घाण पाण्यात तासन्‌तास उभं राहिल्यावर बोटांच्या बेचक्यांचं काय होतं, ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. शिवाय आपली लाडकी कोल्हापुरी! नवी चप्पल चार दिवस चावणारच, हे आपण प्रेमाने गृहीत धरलेलं असतं.

तरुण, धडधाकट माणसाची ही जखम आठवड्याभरात विसरली जाते. शुगरवाल्याची नाही. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेला देशव्यापी 'इंडियाब' अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. आणखी १५.३ टक्के लोक उंबरठ्यावर, म्हणजे प्री-डायबेटिक आहेत. यातली बरीच मंडळी आपल्या आई-बाबांच्या वयाची आहेत.

वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून चप्पल चावलेली कळतच नाही. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, म्हणून दुरुस्तीचं सामान जखमेपर्यंत पोचत नाही. आणि संसर्गाशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. तिन्ही गोष्टी एकदम झाल्या की फोडाचा अल्सर होतो, अल्सरचं गँगरीन होतं आणि मग सांगली-मिरजेच्या एखाद्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये 'अंगठा काढावा लागेल' हे वाक्य ऐकायला मिळतं.

जंतू म्हणजे शत्रूच का?

आपण वाढलो ते डेटॉलच्या वासात. त्यामुळे जंतू म्हटलं की मारायचे, एवढंच डोक्यात बसलंय. खरं म्हणजे आपली त्वचा कधीच निर्जंतुक नसते. तिच्या एकेका चौरस सेंटीमीटरवर हजारोंपासून लाखोंपर्यंत बॅक्टेरिया सुखाने नांदत असतात. ते घामातलं, तेलातलं थोडंफार खातात आणि बदल्यात घराची राखण करतात.

राखण म्हणजे नेमकं काय? एक तर जागा अडवणं. सीटवर आधीच रुमाल टाकलेला असेल तर नंतर आलेल्याला उभं राहावं लागतं, तसंच. दुसरं म्हणजे त्वचा किंचित आंबट ठेवणं. निरोगी त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो आणि तो बऱ्याच रोगजंतूंना मानवत नाही. तिसरं म्हणजे थेट हल्ला. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की त्वचेवर राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या बॅक्टेरियाचे काही स्ट्रेन एक एन्झाइम सोडतात आणि त्याच्या चुलतभावाचं, म्हणजे पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं, नाकातलं बस्तान उठवतात. 'काही स्ट्रेन' हे शब्द लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहेत.

जखम म्हणजे मोकळं रान

जखम झाली की शरीर चार टप्प्यांत काम करतं. आधी रक्त थांबवायचं. मग सूज आणून सफाई करायची. मग नवं मांस, नव्या रक्तवाहिन्या आणि नवी कातडी भरायची. शेवटी महिनोन्‌महिने ते सगळं पक्कं करत राहायचं. एवढं करूनही व्रणाची कातडी मूळ कातडीइतकी मजबूत होत नाही. जास्तीत जास्त ८० टक्क्यांच्या आसपास पोचते.

'खपली धरली म्हणजे जखम बरी झाली' हा आपला घरगुती नियमही अर्धाच खरा आहे. ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी टाकून सुकवलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. आजची बहुतेक मॉडर्न ड्रेसिंग याच शोधाची नातवंडं आहेत.

रेंगाळलेली जखम दुसऱ्या टप्प्यात अडकून पडते. सूज उतरतच नाही. त्यामागचा एक मोठा व्हिलन म्हणजे बायोफिल्म. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवला की जो बुळबुळीत थर लागतो ना, तसलाच थर बॅक्टेरिया जखमेवर करतात आणि त्याच्या आत लपून बसतात. अँटिबायोटिक वरून घसरून जातं, शरीराच्या पेशींना आत शिरता येत नाही. बऱ्या न होणाऱ्या जखमांपैकी बहुसंख्य जखमांमध्ये असा थर सापडतो. त्यातच अशा जखमेचा पीएच आंबट न राहता सातच्या वर सरकतो. म्हणजे रोगजंतूंना हवं तसंच हवामान.

हे सगळं घरी बाबांना समजावून सांगायचं कसं? सोप्पं आहे. बायोफिल्म वगैरे बोलूच नका. सरळ 'ट्रायकोडर्मा' म्हणा.

जयसिंगपूरच्या भागातल्या शेतकऱ्याला मित्रबुरशी शिकवावी लागत नाही. मूळकुज येऊ नये म्हणून ट्रायकोडर्मा जमिनीत सोडायची, उसाच्या बेण्याला अ‍ॅसिटोबॅक्टरची प्रक्रिया करायची, हे त्याच्या सवयीचं आहे. मोकळ्या रानात आधी कोण घर करतो, यावर पुढचं सगळं ठरतं, हे तो जाणतो. जखम म्हणजे असंच नांगरलेलं, उघडं रान. तिथे मित्रफौज आधी पेरली तर? प्रोबायोटिक उपचारामागची सगळी कल्पना या एका प्रश्नात मावते.

तुकुमानचा प्रयोग

या कल्पनेचं मूळ खूप जुनं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले इल्या मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आंबवलेल्या दुधातल्या बॅक्टेरियांचा आणि दीर्घायुष्याचा संबंध जोडला होता. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र वेगळ्या कामासाठी. शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळतात, हा त्यांचा शोध. गंमत बघा, गिळणाऱ्या पेशी आणि मित्र बॅक्टेरिया, हे जखमेच्या गोष्टीतले दोन्ही हिरो एकाच माणसाच्या टेबलावर होते! पण त्या दोघांची जखमेवर गाठ पडायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली.

ती गाठ पडली अर्जेंटिनात, तुकुमान नावाच्या शहरात. योगायोग म्हणजे तुकुमानही साखरपट्ट्यातलंच. उसाची शेतं, साखर कारखाने, सगळं आपल्यासारखं. तिथल्या संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा बॅक्टेरिया निवडला. हा काही परग्रहावरचा नाही. लोणच्यात, आंबवलेल्या भाज्यांत, पिठांत तो सापडतो. २००५ मध्ये त्यांनी भाजलेल्या उंदरांवर दाखवलं, की हा बॅक्टेरिया स्युडोमोनासला आवर घालतो. स्युडोमोनास म्हणजे हिरवट पू आणि विचित्र गोडसर वास आणणारा, बर्न्स वॉर्डातला कुप्रसिद्ध जंतू.

मग माणसांची पाळी आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भाजलेले ८० पेशंट होते. काहींना नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे आपल्याकडेही भाजल्यावर हमखास लावलं जाणारं पांढरं मलम, आणि काहींना प्लांटारम. निकाल जवळपास बरोबरीचा लागला. वाचताना हा निकाल फार भारी वाटणार नाही. पण जरा थांबून विचार करा. एका बाजूला जगभर वापरलं जाणारं प्रस्थापित औषध आणि दुसऱ्या बाजूला लोणच्यात सापडणारा एक बॅक्टेरिया. आणि मॅच टाय!

२०१० मध्ये त्याच टीमने पायाच्या जुनाट अल्सरवर प्रयोग केला. शिरांमधलं रक्त नीट वर न चढल्यामुळे होणारे हे अल्सर. एकूण ३४ पेशंट, त्यातले काही डायबेटिक. जखमेतल्या रोगजंतूंची संख्या घटली आणि ३० दिवसांत डायबेटिक गटात ४३ टक्के, तर बाकीच्यांत ५० टक्के जखमा भरल्या. आशादायक? नक्कीच. पण ३४ माणसांवरून दहा कोटींचा उपचार ठरत नाही, हेही तितकंच खरं.

हे बॅक्टेरिया जखमेत करतात तरी काय? लॅक्टिक अ‍ॅसिड सोडून जखम पुन्हा आंबट करतात. रोगजंतूंना मारक अशी द्रव्यं सोडतात. आणि सगळ्यात धूर्त काम म्हणजे शत्रूचं नेटवर्क जॅम करतात. बायोफिल्म बांधायचा तर रोगजंतूंना एकमेकांना रासायनिक मेसेज पाठवावे लागतात. प्लांटारम त्या मेसेजमध्येच अडथळा आणतो. टॉवरच बंद पडला तर टोळी जमणार कशी?

उप्सालाचा मुकादम

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या मिया फिलिपसन यांच्या टीमने आणखी पुढची उडी मारली. त्यांनी लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या बॅक्टेरियाच्या जनुकांतच बदल केला आणि त्याच्याकडून सीएक्ससीएल-१२ नावाचं मानवी प्रथिन तयार करून घेतलं. हे प्रथिन म्हणजे हाक. ती ऐकून दुरुस्ती करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जखमेकडे धावतात. ऊसतोडीच्या मुकादमाने हाळी द्यावी आणि अख्खी टोळी फडात हजर व्हावी, तसं.

नुसतं प्रथिन जखमेत टाकलं तर ते थोड्या वेळात नष्ट होतं. इथे मात्र बॅक्टेरिया स्वतःच छोटा कारखाना होऊन जखमेतच ते बनवत राहतो. शिवाय त्याच्या लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे ते टिकतंही जास्त. २०१८ मध्ये उंदरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डायबेटिस असलेल्या उंदरांच्या जखमाही लवकर भरल्या. २०२३ मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचणीचा अहवाल आला. ३६ निरोगी स्वयंसेवकांच्या हातांवर मुद्दाम छोट्या जखमा करून त्यावर हे औषध वापरलं गेलं. ते सुरक्षित ठरलं आणि बॅक्टेरिया रक्तात पोचले नाहीत. पण पुन्हा तेच, ही माणसं निरोगी होती. शुगरने पोखरलेला पाय ही वेगळी परीक्षा आहे.

पोटातून पायाकडे

काही संशोधकांनी जखमेला हात न लावता पोटाचा रस्ता धरला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या टीमने उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात रॉयटेरी मिसळला आणि त्यांच्या कातडीवरच्या जखमा लवकर भरल्या. कारण? ऑक्सिटोसिन. होय, आई-बाळाच्या जिव्हाळ्याशी जोडलं गेलेलं तेच हॉर्मोन. पोटातले बॅक्टेरिया, मेंदूतलं हॉर्मोन आणि पाठीवरची जखम, असा हा त्रिकोण.

२०१८ मध्ये इराणमध्ये डायबेटिक फूटच्या ६० पेशंटवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांना चार प्रकारच्या बॅक्टेरियांची कॅप्सूल, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय, हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. प्रोबायोटिक गटातल्या जखमांची लांबी, रुंदी आणि खोली जास्त कमी झाली आणि शुगरचे आकडेही सुधारले. अर्थात नेहमीचे उपचार दोन्ही गटांत चालूच होते. कॅप्सूल त्यांच्या जोडीला होती, त्यांच्याऐवजी नाही.

आणि भारतात? जखमांवर नाही, पण याच प्लांटारम प्रजातीवर आपल्या ओडिशातल्या खेड्यांत एक फार मोठा अभ्यास झालाय. ४,५५६ नवजात बाळांना घेऊन. आयुष्याच्या पहिल्याच आठवड्यात काही बाळांना प्लांटारम आणि त्याचं खाद्य असलेली साखर तोंडावाटे दिली गेली. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निकालानुसार, रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. योग्य स्ट्रेन, योग्य डोस आणि योग्य वेळ जुळली तर काय होऊ शकतं, त्याचा हा पुरावा.

मग दही चोपडू का? नाही!

इथपर्यंत वाचून कुणी फ्रीजकडे निघालं असेल, तर प्लीज बसून घ्या.

घरच्या दह्यात बॅक्टेरिया असतात, हे खरं. पण कुठले, किती आणि त्यांच्या सोबतीला आणखी कोण कोण, हे कुणालाच माहीत नसतं. विरजण शेजारच्या काकूंकडून आलेलं, भांडं कालचं, चमचा तिसऱ्याच कशाचा. त्यात यीस्ट असू शकतं, बुरशी असू शकते, हाताचे जंतू असू शकतात. पोट हे सगळं पचवतं, कारण तिथे अ‍ॅसिड आहे. उघड्या मांसाकडे तसलं काही संरक्षण नाही. हळद, चहापूड, भाजल्यावर टूथपेस्ट यांचंही तेच. ही मंडळी जखम झाकून टाकतात आणि आत काय चाललंय ते डॉक्टरला दिसेनासं होतं.

आता ते 'काही स्ट्रेन' आठवा. जयसिंगपुरात कुणी 'मी ऊस लावला' एवढंच सांगून थांबत नाही. समोरचा लगेच विचारतो, जात कुठली? ८६०३२ की २६५? कारण क्षारपड रानात जी जात तग धरते, तीच दुसरीकडे परवडेल असं नाही. बॅक्टेरियाचंही अगदी तसंच. तुकुमानचा प्लांटारम आणि ओडिशाचा प्लांटारम ही एकाच प्रजातीची वेगवेगळी वाणं. एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही. मग डब्यावर नुसतं 'प्रोबायोटिक' लिहिलेल्या वस्तूची काय कथा!

धोकाही शून्य नाही. बोस्टनमधल्या मुलांच्या हॉस्पिटलचा अहवाल २०१९ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. आयसीयूत प्रोबायोटिक दिलेल्या ५२२ पेशंटपैकी ६ जणांच्या रक्तात तेच बॅक्टेरिया सापडले. निरोगी माणसाला जे निरुपद्रवी, ते खंगलेल्या शरीरात घुसखोर ठरू शकतं. आणि बळावलेल्या शुगरचा पेशंट 'निरोगी' या सदरात बसत नाही.

राहिला तुमच्या ड्रेसिंग टेबलावरचा प्रश्न. प्रोबायोटिक क्रीम, प्रोबायोटिक सीरम. क्रीम टिकावं म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात आणि प्रिझर्व्हेटिव्हचं कामच मुळी बॅक्टेरिया मारणं! त्यामुळे यातल्या बहुतेक बाटल्यांत जिवंत बॅक्टेरिया नसतातच. असतो तो त्यांचा अर्क किंवा त्यांनी आंबवलेलं द्रव. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेली व्याख्या सांगते की प्रोबायोटिक म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात, आणि फायदा सिद्ध झालेला. तीनही अटी लावल्या की शेल्फ बरंच रिकामं होतं. तुमचं सीरम त्वचेला छान वाटत असेल तर जरूर लावा. पण जखमेवर त्याचा भरवसा धरू नका.

मग एवढं सगळं वाचून हातात काय आलं? आलं ते एवढंच, की दिशा खरी आहे, पण गाडी अजून स्टेशनात लागलेली नाही. आज डायबेटिक पायाच्या जखमेवर प्रोबायोटिक हा नेहमीच्या उपचारांच्या यादीतला उपचार नाही. अभ्यास छोटे आहेत, स्ट्रेन वेगवेगळे आहेत. जंतू अजिबात नसलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांतही, जखम कधी लवकर भरली तर कधी दुरुस्ती कमी पडली, असे उलटसुलट निकाल आलेत.

तरीही हे संशोधन महत्त्वाचं आहे, कारण 'मारा' हा एकच उपाय आता पुरेनासा झालाय. २०१९ या एका वर्षात अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. केमिस्टकडून परस्पर आणलेली पावडर जखमेवर भुरभुरवणं आणि अँटिबायोटिकचा कोर्स दोन दिवसांत सोडणं, या आपल्या सवयींचाही त्यात वाटा आहे. मित्र जंतू उद्या कामाला येतील तेव्हा येतील. निदान आज त्यांना विनाकारण मारायचं तरी थांबवता येईल.

घरी गेल्यावर एवढं करा

पाय बघा. लाजू नका. आई-बाबांना शुगर असेल तर तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या उजेडात नीट बघा. एरवी त्यांनी स्वतः रोज बघायचं. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.

वर्षातून एकदा पायाची तपासणी. डॉक्टर नायलॉनच्या एका बारीक धाग्याने तळव्याला स्पर्श करतात. तो कळला नाही तर नसा बधिर झाल्यात असं समजायचं. दोन मिनिटांचं काम, दुखत नाही.

अनवाणी नको, घरातसुद्धा. कोल्हापुरी हौसेने घ्या, पण पाय बधिर असलेल्यांसाठी नाही. अंगठ्याची पकड आणि पट्ट्याची कड नेमकी जिथे घासते तिथेच फोड येतो. त्यांना मऊ अस्तराची, मागून बंद असलेली पादत्राणं द्या.

कुरूप किंवा भोवरी ब्लेडने कापायची नाही. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही. पाणी किती गरम आहे हे त्या पायांना कळत नाही.

जखम झालीच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ ड्रेसिंगने झाका आणि शुगरवाल्याला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्या. मातीत, पुराच्या पाण्यात किंवा कोयत्याने झालेली जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का? मेलेलं मांस साफ करायला हवंय का? आणि जखमेवरचा शरीराचा भार कमी कसा करायचा? पाय वाचवणारी खरी त्रिसूत्री आजही हीच आहे, जोडीला आटोक्यातली शुगर. सूज, काळपटपणा, दुर्गंधी किंवा ताप दिसला तर रविवार आहे, सण आहे असं म्हणत थांबू नका.

प्रोबायोटिकची कॅप्सूल सुरू करायची असेल तर डॉक्टरांना सांगूनच. आणि डब्यावर स्ट्रेनचं पूर्ण नाव, बॅक्टेरियांची संख्या आणि एक्स्पायरी बघा. यातलं एक जरी नसेल तर डबा परत ठेवा.

आणि दही? ते जेवणात खुशाल खा. भाकरीसोबत, झणझणीत रश्श्यानंतर, किंवा वाडीला जाऊन आल्यावर बासुंदीचं गिल्ट उतरवायला म्हणून. फक्त वाटीत.